बाबांचं एचएमटी जनता आणि बोळातले घड्याळवाले काका : पाचपैकी साडेचार

दुकानाला बोर्ड नाही म्हणून नाव लिहीत नाही, आणि काकांना विचारलं तर म्हणाले, "नाव कशाला, उगीच गर्दी हुतीय." बेळगावात गणपत गल्लीकडनं एका बोळात शिरलं की जिन्याखाली टपरीएवढी जागा आहे, एक काचेचं कपाट, एक दिवा, आणि डोळ्याला भिंग लावून बसलेले काका. मी तिथं बाबांचं घड्याळ घेऊन गेले होते. रिव्ह्यू जरा लांबणार आहे, घाई असेल तर खाली पैशांचं लिहिलंय तेवढं वाचा.

बाबा खानापूर तालुक्यात आरोग्य खात्यात होते. डॉक्टर नव्हे, सब-सेंटरचे हेल्थ वर्कर, गावात सगळे मलेरियावालेच म्हणायचे. तापवाल्याच्या बोटाला टोचून काचपट्टीवर रक्त घ्यायचं, घराच्या भिंतीवर भेटीची तारीख टाकायची, विहिरीत ब्लीचिंग पावडर, टीबीवाल्याला समोर उभं करून गोळ्या गिळायला लावायच्या, आणि हे सगळं जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात जिथं छत्री नुसती शोभेला असते. लोकांशी बोलणं मराठीत आणि रात्री घरी बसून रिपोर्ट कन्नडात. कन्नड लिहायला ते नोकरी लागल्यावर शिकले, तरी अक्षर आमच्या कन्नडच्या मास्तरांपेक्षा चांगलं होतं, हे मी नाही मास्तरच म्हणायचे.

1984 ला नोकरी लागली तेव्हा पहिल्या तीन पगारातनं थोडे थोडे बाजूला काढून घड्याळ घेतलेलं. एचएमटी, डायलवर देवनागरीत 'जनता', चावी द्यायचं. स्टाइल म्हणून नव्हे हो, सेकंद काटा पाहिजे म्हणून.

त्याचं कारण मी स्वतः बघितलंय. नऊ वर्षांची असेन, लाइट गेलेली, एक माणूस घोंगड्यात गुंडाळून पोराला घेऊन दारात. न्यूमोनिया आहे का बघायचं तर बाळाचे श्वास मोजायचे असतात, दोन महिन्यांवरचं पण वर्षाच्या आतलं बाळ असेल तर मिनिटाला 50 किंवा जास्त म्हणजे धोका, वर्ष ते पाच वर्षांच्या पोराला 40. मी बॅटरी धरलेली. बाबांनी हातातलं घड्याळ काढलं, बाळाचं झबलं वर केलं आणि घड्याळ पोटाशेजारी धरलं, म्हणजे काटा आणि पोट एकाच वेळी दिसतात. ओठ नुसते हलत होते. 58 झाले. मधेच बाळ रडलं म्हणून गप्प करायला लावून परत पहिल्यापासनं मोजले, पूर्ण मिनिट. अर्धं मिनिट मोजून दुप्पट का नाही करत असं मी नंतर विचारलं तर म्हणाले बाळाचा श्वास एकसारखा नसतो गं, फसवतो. पहिला डोस तिथंच दिला आणि एका लाकडाच्या ट्रकला हात करून त्यांच्यासोबत खानापूरला गेले. आले तेव्हा उजाडलेलं, आई रात्रभर चुलीपाशी बसून, तर ह्या माणसानं भिजले कपडे बदलायच्या आधी तिच्यासाठी चहा टाकला.

पल्स पोलिओचं तर विचारूच नका, 1995 पासनं प्रत्येक राउंडला आमचा तो रविवार गेलाच समजायचं. 27 मार्च 2014 ला भारताला पोलिओमुक्तीचं सर्टिफिकेट मिळालं त्या संध्याकाळी बाबा अर्धा किलो कुंदा घेऊन आले, आमच्या घरात कुणी पास झाल्यावर आणतात तसा.

तर गेल्या आषाढात बाबा गेले. तेराव्याच्या रात्री आईनं घड्याळाला चावी द्यायला घेतली, कारण रोज रात्री नऊला बाबा चावी द्यायचे आणि मग तिच्या हातावर बीपीची गोळी ठेवायचे. आतनं टक्क आवाज झाला आणि चावी नुसती फिरायला लागली. आई कुणाशी बोलली नाही त्या दिवशी. माझ्या हातनं मोडलं, एवढंच महिनाभर.

मी आधी शहरातल्या एका मोठ्या शोरूममध्ये नेलं. तिथल्या पोरानं उघडूनही बघितलं नाही, आतलं मशीन काढून सेलचं बसवा म्हणाला, आणि मी जवळजवळ हो म्हटलेलं. मग कुणीतरी ह्या काकांचं सांगितलं. काकांनी मागचं झाकण काढलं, भिंगातनं बघितलं, "मशीन चांगलं हाय की हो ताई, सेलचं कशाला घालूलाय?" कमान, म्हणजे चावी दिली की आत गुंडाळली जाते ती स्प्रिंग, तुटलेली आणि तेल वाळून डिंक झालेला. मी आईचं सांगितलं तर हात थांबवून म्हणाले, "जोरात चावी दिली म्हणून नव्हे. कमान म्हातारी झालेली, आज नाहीतर उद्या तुटणारच. आईला सांगा, त्यांची चूक नाही." मी तिथनंच आईला फोन लावला आणि काकांनाच बोलायला लावलं. साडेचारातले दोन स्टार ह्याचे आहेत.

एचएमटी वॉचेस बंद करायचं सरकारनं 2016 ला ठरवलं, त्यामुळं पार्ट मिळणं अवघड. काकांकडं बिस्किटाच्या डब्यात मेलेली एचएमटी भरलेली आहेत, त्यातनं कमान काढून घातली. डायल रंगवून नवीन करू का विचारलं, मी नको म्हटलं, तर उलट खूश झाले. सर्विस आणि कमान 600, काच 80, पट्टा 120. बिल नाही, मागू पण नका.

आता तक्रारी. आठ दिवस म्हणाले आणि चोवीस लागले, तीन हेलपाटे, फोन उचलत नाहीत. ते चालतंय. पण न विचारता जुना पट्टा टाकून दिला. शेवटी बाबा बारीक झाले तेव्हा पट्टा ढिला व्हायला लागला म्हणून त्यांनी खिळा तापवून एक जास्तीचं भोक पाडलेलं त्याला. काकांना काय माहीत, पण अर्धा स्टार कापलाय.

घड्याळ दिवसाला तीनचार मिनिटं पुढं पळतंय. आणा, अॅडजस्ट करतो म्हणाले, पण आई देत नाही. बाबा पाच मिनिटं पुढंच ठेवायचे, सकाळची पहिली बस चुकू नये म्हणून. तिचं नऊ आता आमच्या आधी वाजतंय, चावी देते, गोळी घेते आणि आम्हाला झोपा म्हणून ओरडते.

जाणार असाल तर अकरानंतर जा, सुट्टे पैसे न्या, आणि जुना पट्टा आधीच काढून पर्समध्ये ठेवा.