ग्रिड की फुल कोर्स: घोड्यावरून जंपिंग शिकताना आधी काय?
ग्रिड म्हणजे ओळीत ठरावीक अंतरावर लावलेले अडथळे, घोड्याच्या एका स्ट्राइडसाठी (ढांगेसाठी) मधे साधारण ७ मीटर, त्यामुळे टेक-ऑफचं (उडी कुठून घ्यायची याचं) टेन्शन बरंचसं जातं, तुम्ही फक्त टाचा खाली, हात पुढे, नजर समोर एवढं सांभाळायचं आणि कोचलाही चूक लगेच दिसते.

कोर्स म्हणजे मैदानभर लावलेले, ठरलेल्या क्रमाने पार करायचे अडथळे, तिथे वेग, लाइन (जायचा मार्ग) सगळं आपणच ठरवायचं. खरी गोची वळणावर, उडी उतरल्या उतरल्या पुढचा अडथळा बघितला नाही की घोडा चुकीच्या लीडवर (वळणाच्या आतल्याऐवजी बाहेरचा पुढचा पाय आघाडीवर) राहतो, तिरका पोचतो आणि दांडी पडली की स्पर्धेत ४ पेनल्टी पॉइंट. (पावलांनी अंतर मोजायची सवय मात्र इथेच लागते.)

लगाम ओढून तोल सावरत असाल तर ग्रिडच करा, उगाच घोड्याच्या तोंडाला त्रास कशाला. सीट (खोगिरावरची बैठक) पक्की झाली की ३-४ अडथळ्यांचा छोटा कोर्स.