डीजी (डिझेल जनरेटर) सेटचा धूर आणि विंड टनेल टेस्टिंग : पैसे वसूल, फक्त टेरेनचं आधीच बोलून घ्या

मुंबईतल्या एका हॉस्पिटलच्या प्रोजेक्टसाठी आम्ही बाउंड्री लेयर विंड टनेलची (जमिनीलगतच्या वाऱ्यासारखा वारा सोडून लहान मॉडेलवर चाचणी करायच्या बोगद्याची) सर्व्हिस घेतली. लॅबचं नाव टाकत नाहीये, कारण काही गोष्टी खटकल्यात आणि त्याही लिहायच्या आहेत. पण हे काम खरंच भारी आहे आणि आपल्याकडे फार कमी लोक करून घेतात, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी भानगड काय होती ते सांगते. 1000 केव्हीए (जनरेटरच्या क्षमतेचं एकक) चा डीजी मागच्या 6 मीटर उंच शेडमध्ये बसणार होता. चिमणीच्या उंचीचा सीपीसीबीचा (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा) फॉर्म्युला सगळ्यांना पाठ असतो, जनरेटर ज्या बिल्डिंगमध्ये आहे तिची उंची अधिक 0.2 गुणिले केव्हीएचं वर्गमूळ, म्हणजे 6 अधिक 6.3, झाली 12.3 मीटरची चिमणी, कागद क्लिअर. पण शेडला खेटून 40 मीटरची मुख्य इमारत उभी आहे आणि तिच्या त्याच बाजूच्या भिंतीवर चौथ्या मजल्याला एएचयूचा (इमारतीला हवा पुरवणाऱ्या एसी यंत्रणेचा) फ्रेश एअर इनटेक, म्हणजे बाहेरची हवा आत घ्यायची जाळी आहे, आणि फॉर्म्युल्यात शेजारच्या बिल्डिंगचा विचारच नाही! त्यात पावसाळ्यात लाइट जास्त जाते, डीजी तेव्हाच जास्त चालतो आणि तेव्हा वारा पश्चिम-नैऋत्येचा, म्हणजे शेड नेमकी इमारतीच्या आडोशाला. एअरमॉड (प्रदूषण हवेत कसं पसरतं याचं कॉम्प्युटर मॉडेल) चालवून बघितलं होतं, पण आजूबाजूच्या परिसरात किती प्रदूषण पसरेल यासाठी ते ठीक, भिंतीवरच्या अमुक एका जाळीतून आत किती शिरेल हे त्यातून निघत नाही.

विमानाच्या टनेलमध्ये वारा जितका सरळ आणि शांत तितका चांगला, इथे बरोबर उलटं. मॉडेलच्या आधी लांबच लांब फरशी असते, सुरुवातीला उभे निमुळते स्पायर आणि मग ओळीने ठोकळे, जेणेकरून जमिनीलगतचा वारा शहरात असतो तसा अडखळत, घुसळत मॉडेलपर्यंत पोचेल. डेन्मार्कच्या मार्टिन जेन्सनने 1958 मध्येच हे मांडलंय, की नुसती बिल्डिंग लहान करून भागत नाही, जमिनीचा खडबडीतपणाही त्याच प्रमाणात लहान करावा लागतो. आणि इथेच आमचं वाजलं. लॅबने नेहमीची मोकळ्या मैदानाची मांडणी लावून ठेवलेली, आमची साइट दाट वस्तीतली. आयएस 875 (इमारतींवरच्या भारांचं भारतीय मानक) च्या भाग 3 मधली टेरेन कॅटेगरी, म्हणजे परिसर मोकळा की दाट वस्तीचा ते, आम्ही लेखी दिली होती तरी कुणी बघितली नव्हती, मग सगळे ठोकळे पुन्हा लावणं, वेगाचं प्रोफाइल (उंचीप्रमाणे वाऱ्याचा वेग कसा बदलतो ते) पुन्हा मोजणं, त्यात वेळ गेला. तेव्हा टेस्टच्या आधी प्रोफाइलचा ग्राफ मागाच.

बाकी टेस्ट मात्र अफलातून. मॉडेल 1:200 चं, म्हणजे इमारत जेमतेम 20 सेंटीमीटर, टर्नटेबलवर ठेवलेली, वाऱ्याची दिशा बदलायची की टेबल फिरवायचं. लाइट बंद करून लेझरचा पातळ पडदा पाडला आणि चिमणीतून धूर सोडला. धूर थोडासा वर गेला आणि वाऱ्यासोबत पुढे जायचं सोडून मागे वळला, सरळ इमारतीच्या भिंतीला चिकटून वर चढायला लागला, चौथ्या मजल्यावरून गच्चीपर्यंत. आर्किटेक्टसाहेब तोपर्यंत हे सगळं फालतू खर्च म्हणत होते, ते पुढे वाकून बघतच राहिले.

पण नुसत्या धुराच्या व्हिडिओवर समाधान मानू नका. खरं काम त्यानंतरचं असतं. धुराऐवजी हायड्रोकार्बन ट्रेसर (माग काढता येईल असा वायू) सोडतात, गरम धुराचा हलकेपणा यावा म्हणून त्यात हेलियम मिसळतात, आणि इनटेकच्या जागी बारीक नळीने हवा खेचून फ्लेम आयोनायझेशन डिटेक्टरवर (हायड्रोकार्बनचं प्रमाण मोजणाऱ्या यंत्रावर) मोजतात. चिमणीतल्या धुराचा कितवा हिस्सा इनटेकपाशी पोचतो हा आकडा मिळतो आणि डिझाइन बदलायला तोच लागतो.

आमच्याकडे पहिला पर्याय होता चिमणी 18 मीटर करायची. सगळ्यांना वाटलेलं एवढ्यात भागेल. जवळजवळ काहीच फरक पडला नाही, कारण 18 मीटरलाही चिमणीचं तोंड इमारतीमागच्या भोवऱ्यातच होतं. इनटेक बाजूच्या भिंतीवर हलवल्यावर आकडा चांगलाच खाली आला, पण हिवाळ्यातल्या दिशांना तिथेही थोडं दिसत होतं. शेवटी फ्लू पाइप (धुराचा पाइप) मुख्य इमारतीच्या कडेने गच्चीच्या वरपर्यंत नेऊन टेस्ट केली तेव्हा कुठे सगळ्या दिशांना समाधानकारक आकडे आले.

अशा साध्या टनेलमध्ये एक गोष्ट होत नाही, हिवाळ्यातल्या पहाटेची, वारा पडलेली आणि थंड हवा खाली साचलेली परिस्थिती. त्यासाठी हवेचे थर वेगवेगळ्या तापमानाला ठेवता येणारं टनेल लागतं, जसं इंग्लंडमध्ये सरे युनिव्हर्सिटीत आहे. लॅबच्या माणसाने हे न विचारता स्वतःहून सांगितलं, ते मला फार आवडलं.

रिपोर्ट उशिरा आला आणि रॉ डेटा तीनदा मागावा लागला, तो वर्क ऑर्डरमध्येच लिहून घ्या. आता आमच्याकडे लांब पाइपमुळे इंजिनवर बॅक प्रेशर (धूर बाहेर ढकलताना येणारा उलटा दाब) किती येतं याचं गणित चालू आहे, डीजीवाल्याने एक साइज मोठा पाइप सांगितलाय, त्यामुळे शाफ्टची जागा वाढवून घेतोय. पाइपचा व्यास बदलला की धूर बाहेर पडायचा वेग कमी होतो, म्हणून ती एक टेस्ट नवीन व्यास धरून पुन्हा करून द्या असं लॅबला कळवलंय, आणि त्यांनी हो म्हटलंय.