बायोटेक, बायोमेडिकल, बायोकेमिकल की सरळ केमिकल? ऑप्शन फॉर्म भरण्याआधी

भाचीचा फोन आला तेव्हा मी प्लांटवर होते. "मावशी, बायोटेक आणि बायोइंजिनिअरिंग एकच ना गं?" बारावीला पीसीएमबी (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी), सीईटीचा स्कोअर बरा, डॉक्टर व्हायचं नाही हे पक्कं, पण बायोलॉजी सोडवत नाही. निकालाच्या दिवसांत अशी एक-दोन मुलं दर वर्षी भेटतात. त्यांना तोंडी सांगते तेच इथे लिहिते आहे. मी स्वतः केमिकल शिकले आणि अठरा वर्षं फर्मेंटरच्या, म्हणजे जिवाणू वाढवायच्या टाकीच्या, शेजारी काढली, तेव्हा माझं पारडं कुठे झुकणार ते आधीच सांगून ठेवते.

पहिली गोष्ट, नावांवर जाऊ नका. 'बायोलॉजिकल इंजिनिअरिंग' हे एकच नाव घ्या. मद्रास आयआयटीत या नावाची बी.टेक. बायोटेक्नॉलॉजी विभागात चालते. अमेरिकेत एमआयटीत या नावाचा वेगळा विभाग आहे, तिथे सगळं काम रेणू आणि पेशींच्या पातळीवरचं. तिथल्याच पर्ड्यू विद्यापीठात मात्र हे नाव 'ॲग्रिकल्चरल'च्या जोडीने येतं, म्हणजे माती, पाणी, शेतीची यंत्रं, धान्याची साठवण. १९०७ साली स्थापन झालेल्या अमेरिकेतल्या कृषी अभियंत्यांच्या संघटनेनेही २००५ मध्ये आपल्या नावात 'बायोलॉजिकल' घातलं. एमएससाठी फक्त कोर्सचं नाव बघून अर्ज करणाऱ्याला जीन एडिटिंगच्या ऐवजी ठिबक सिंचनाचा अभ्यासक्रम मिळू शकतो. तोही वाईट नाही म्हणा, पण निदान माहीत तरी हवं.

मग फरक ओळखायचा कसा? मी एकच प्रश्न विचारते: त्या कामात जिवंत गोष्ट तुमची कोण लागते? कामगार, गिऱ्हाईक की पीक?

पेशी कामगार असते तेव्हा

१९८०च्या दशकापर्यंत मधुमेहाच्या रुग्णाला मिळणारं इन्सुलिन डुकरांच्या आणि गाईगुरांच्या स्वादुपिंडातून काढलं जायचं. १९७८ मध्ये ई. कोलाय या जिवाणूकडून मानवी इन्सुलिन बनवून घेण्यात अमेरिकेत यश आलं आणि १९८२ मध्ये ते औषध म्हणून मंजूर झालं. ही गोष्ट प्रत्येक पुस्तकात असते. तिचा दुसरा अर्धा भाग क्वचित सांगितला जातो: जिवाणूत जीन घालून झाला, आता त्याला हजारो लिटरच्या टाकीत जगवायचं कोणी?

हे काम किती वेगळं आहे ते एका हिशेबात कळतं. १० लिटरच्या फर्मेंटरवरून १०,००० लिटरवर गेलात की लांबी-रुंदी-उंची दहापट होते आणि आकारमान हजारपट, पण भिंतीचा पृष्ठभाग वाढतो फक्त शंभरपट. पेशी उष्णता सोडतात ती आकारमानाच्या हिशेबात आणि थंड करणारं पाणी असतं भिंतीपाशी. म्हणजे दर लिटरमागे थंड करायला उरते पूर्वीच्या एक दशांश भिंत. ऑक्सिजनचं दुखणं तर त्याहून मोठं. साखर पाण्यात लिटरला शेकड्यांनी ग्रॅम विरघळते, पण ३० अंशांच्या पाण्यात हवेतला ऑक्सिजन जेमतेम ७-८ मिलिग्रॅम मावतो. दाट वाढलेल्या पेशी तो काही सेकंदांत संपवतात. सतत हवा फुंकत राहा, जोराने ढवळा. जोर वाढवला की फेस वरच्या फिल्टरपर्यंत चढतो आणि फेस मारायला औषध घातलं की ऑक्सिजन विरघळण्याचा वेग पडतो. पहाटे तीनला हा फेस काचेतून वर चढताना बघण्यात ज्याला मजा वाटेल त्याने या वाटेला यावं.

पेनिसिलिनचा इतिहास खरं तर याच भांडणाचा आहे. ऑक्सफर्डमध्ये सुरुवातीला ती बुरशी बेडपॅनसारख्या उथळ भांड्यांत वाढवत. अमेरिकेत खोल टाक्यांचं तंत्र बसलं तेव्हा कुठे दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांना पुरेल इतकं औषध निघालं. आपल्याकडे १९५४ साली युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली ती याच पेनिसिलिनसाठी. पुण्यात आज लशी बनतात, इथेनॉलच्या डिस्टिलऱ्यांचे आराखडे बनतात, त्या सगळ्या कामात टाकीशी हीच झटापट चालते. प्राजसारखी पुण्याची कंपनी मळीपासून इथेनॉलचे प्लांट उभारत मोठी झाली आणि पानिपतला इंडियन ऑइलचा भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल काढणारा प्लांट २०२२ मध्ये सुरू झाला तोही तिच्याच तंत्रावर.

डिग्रीचा प्रश्न इथे येतो. जीन घालणं ही बायोटेक्नॉलॉजी, टाकी चालवणं हे बायोकेमिकल इंजिनिअरिंग. बी.टेक. बायोटेक दोन्ही शिकवते आणि बहुतेक कॉलेजांत दोन्ही अर्धी शिकवते. उत्पादनाच्या जागेसाठी आमच्याकडे केमिकलवाल्याला आधी बोलावतात, कारण पंप, हीट एक्स्चेंजर, डिस्टिलेशन त्याला येतं आणि जिवाणूची ओळख सहा महिन्यांत करून देता येते. क्वालिटी कंट्रोल आणि आरअँडडीत एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीवाले बसतात, कारण त्यांचा हात बसलेला असतो. बी.टेक. बायोटेकचं पोर या दोघांच्या मध्ये सापडतं. हुशार पोरं यातूनही वाट काढतात, पण चार वर्षांची इंजिनिअरिंगची फी भरून एम.एस्सी.वाल्याच्याच रांगेत उभं राहावं लागणं पालकांना जड जातं, आणि तक्रार घेऊन ते माझ्याकडे येतात.

दिल्ली आयआयटीचा बायोकेमिकल इंजिनिअरिंग अँड बायोटेक्नॉलॉजी विभाग किंवा खरगपूर मिळत असेल तर ही चिंता सोडा, तिथे टाकी आणि गणित दोन्ही नीट शिकवतात. मुंबईच्या आयसीटीत (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी), म्हणजे जुन्या लोकांच्या यूडीसीटीत, केमिकल किंवा फूड मिळालं तर मी दुसरा विचार करणार नाही. एरवी टाकीची ओढ असेल तर केमिकल घ्या आणि एम.टेक.ला बायोकडे वळा. लॅबची ओढ असेल तर बी.एस्सी. मायक्रो किंवा बायोटेक करा, मग जॅम किंवा गॅट-बी ही प्रवेशपरीक्षा देऊन एम.एस्सी. ही वाट स्वस्त आहे आणि लॅबच्या कामासाठी जास्त प्रामाणिक.

शरीर गिऱ्हाईक असतं तेव्हा

बायोमेडिकल इंजिनिअरिंगला बायोटेकची बहीण समजतात, पण ती इलेक्ट्रॉनिक्स आणि मेकॅनिकलच्या घरातली आहे. कोविडमध्ये घराघरांत आलेला पल्स ऑक्सिमीटर बघा. लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून पाठवायचे. ऑक्सिजन घेतलेलं आणि न घेतलेलं हिमोग्लोबिन हे दोन्ही प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं. तरी बोटात कातडी, हाड, शिरेतलं रक्त असं सगळंच असतं. त्यातून फक्त धमनीतलं रक्त वेगळं कसं काढणार? जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७०च्या दशकात युक्ती काढली: नाडीबरोबर जेवढा भाग हलतो तेवढाच मोजायचा. या युक्तीत बायोलॉजी दोन ओळींची आहे, उरलेलं सगळं सिग्नल प्रोसेसिंग. आणि तीच यंत्रं काळ्या कातडीवर ऑक्सिजन खऱ्यापेक्षा जास्त दाखवू शकतात हे २०२० मध्ये अमेरिकेतल्या रुग्णांच्या नोंदींवरून ठळकपणे पुढे आलं. आपल्यासारख्या सावळ्या देशात हा प्रश्न हाती घ्यायला माणसं हवीत.

दुसरं उदाहरण तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेचं. हृदयाची परदेशी कृत्रिम झडप आपल्या रुग्णांना परवडेना म्हणून सर्जन डॉ. वलियाथन यांच्या पुढाकाराने तिथे देशी झडप बनवायला घेतली. हृदयाचे ठोके वर्षाला पावणेचार कोटींच्या घरात जातात, म्हणजे झडपेची चकती तितक्या वेळा उघडून मिटणार. पहिली तीन रूपं फसली. कुठे जोड ठिसूळ निघाला, कुठे चकती. चौथ्यात मजबूत मिश्रधातूचा सांगाडा आणि प्लास्टिकच्या जातीतल्या पॉलिएथिलीनची चकती घेतली आणि डिसेंबर १९९० मध्ये ती पहिल्यांदा रुग्णाला बसवली. त्यानंतर लाखावर रुग्णांना ती बसली आहे. या गोष्टीतल्या तीन अपयशांबद्दल वाचून ज्याला कंटाळा येईल त्याने बायोमेडिकल घेऊ नये, कारण इथलं काम असंच चालतं.

नोकरीचं सांगायचं तर पदवीनंतर लगेच मिळणारी बहुतेक कामं डिझाइनची नसतात. मोठ्या हॉस्पिटलात व्हेंटिलेटर आणि मॉनिटरचं कॅलिब्रेशन, एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) फायली, आणि कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर किंवा ॲप्लिकेशन स्पेशालिस्ट. गावोगाव फिरावं लागतं. २०१७चे मेडिकल डिव्हाइस नियम आल्यापासून आणि एप्रिल २०२०पासून सगळीच उपकरणं औषध कायद्याखाली गेल्यापासून कागदपत्रं आणि मंजुरीच्या कामालाही माणसं लागू लागली. हे काम कुणी स्वप्नात बघत नाही, पण त्यात स्थैर्य आहे. खरं डिझाइन करायचं असेल तर एम.टेक. करावं लागतं. मुंबई आयआयटीत ते आहे, आणि गेट या एम.टेक.च्या प्रवेशपरीक्षेत २०२०पासून बायोमेडिकलचा वेगळा पेपरही आहे. इलेक्ट्रॉनिक्स करून तिथे जाणारी पुष्कळ मुलं आहेत. बी.टेक.लाच बायोमेडिकल घ्यायचं का? कॉलेजचा एखाद्या हॉस्पिटलशी रोजचा संबंध असेल तर घ्या, नसेल तर इलेक्ट्रॉनिक्स.

पीक

हा भाग शहरातली मुलं वगळतात आणि मला ते कळत नाही. जळगावचा केळीवाला टिश्यूची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली, रोपं लावतो, त्याला त्यात नवल राहिलेलं नाही. मुनव्यांबरोबर (जुन्या झाडाच्या बुडाशी फुटणाऱ्या कोंबांबरोबर) रोग आणि सूत्रकृमी शेतात यायचे आणि केळी निसवायची, म्हणजे घड बाहेर पडायचे, पुढेमागे. प्रयोगशाळेत वाढवलेल्या ग्रँड नैन जातीच्या रोपांमुळे बाग जवळपास एकदम निसवते, घड एकदम कापता येतात, ट्रक भरून माल निघतो. यात जीन बदललेला नाही, फक्त निर्जंतुक बाटलीत नेटकेपणाने वाढवलेली रोपं आहेत. आणि रोप निरोगी निघालं तरी शेतात मावा सीएमव्ही हा विषाणू घेऊन येतोच.

बीटी कापूस, म्हणजे अळी मारणारा जीन घातलेला कापूस, ही त्याच्या उलट गोष्ट. जालन्याच्या महिको या बियाणे कंपनीने अमेरिकेच्या मोन्सँटोबरोबर आणलेल्या बियाण्याला मार्च २००२ मध्ये मंजुरी मिळाली, हिरवी बोंडअळी आटोक्यात आली, आणि मग गुलाबी बोंडअळीने जुळवून घेतलं. २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात तिने काय केलं ते कापूसवाल्या घरांत विचारा. सोबत दिलेलं नॉन-बीटीचं छोटं पाकीट कडेने पेरायचं होतं, म्हणजे अळीत प्रतिकार हळू वाढला असता. ते पाकीट बहुतेकांनी पेरलं नाही. जीन चोख काम करत होता, चुकलं ते त्याच्याभोवतीचं सगळं. कृषी जैवतंत्रज्ञानात खरी कसोटी तिथे लागते. लातूरचं कृषी जैवतंत्रज्ञान महाविद्यालय परभणीच्या विद्यापीठाखाली येतं, आणि कृषी विद्यापीठांच्या या शाखेला गणित नसलेली, बायोलॉजीची मुलंही चालतात. राज्याच्या इंजिनिअरिंग प्रवेशात मात्र मॅथ्स लागतंच. अटी बदलत असतात, त्या वर्षीची माहितीपुस्तिका उघडून बघा.

बायोइन्फॉर्मेटिक्सबद्दल थोडक्यात: कोडिंग आवडत असेल तरच. माणसाच्या जीनोममध्ये ३ अब्जांच्या आसपास अक्षरं आहेत, ती डोळ्यांनी कोणी वाचत नाही. पुणे विद्यापीठात यासाठी वेगळं केंद्र आहे, पण तिथे पदव्युत्तर शिक्षणाला जायचं. आधी कॉम्प्युटर किंवा स्टॅटिस्टिक्स पक्कं करा.

आणि जीन एडिटिंग, सेल थेरपी, वर्तमानपत्रात येतं ते सगळं? मुंबई आयआयटी आणि टाटा मेमोरियलने मिळून बनवलेली नेक्सकार-१९ ही कर्करोगावरची पेशी-उपचारपद्धती २०२३ मध्ये मंजूर झाली. परदेशातल्या किमतीच्या साधारण दहाव्या हिश्श्यात ती मिळते आणि मला तिचा अभिमान आहे. पण ती करणारी मंडळी पीएच.डी. आणि त्यापुढची आहेत. हे करायचं असेल तर पदवीचं नाव गौण आहे, पुढची दहा वर्षं अभ्यासात काढायची घरची तयारी आहे का ते आधी बघा. सरकारी नोकरीची आस असलेल्यांनी तर बायोच्या नावाला लांबूनच नमस्कार करावा; पीएसयूंच्या (सरकारी कंपन्यांच्या) जाहिरातींत बहुतेक मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, केमिकल हेच असतं.

भाचीला हे सगळं सांगितल्यावर ती म्हणाली, "मावशी, तू केमिकलची एजंट आहेस." म्हणून मग तिला घेऊन एका कॉलेजात गेले, नाव नको. बायोटेक विभागाच्या माहितीपत्रकात फर्मेंटरचा मोठा फोटो होता. आम्ही तो बघायला मागितला. किती लिटरचा, शेवटची बॅच कधी घेतली, कशाची, एवढे तीन प्रश्न तुम्हीही कुठल्याही कॉलेजात विचारा. आम्हाला ते विचारावे लागलेच नाहीत. लॅब असिस्टंटने प्लास्टिकचं कव्हर काढलं तर स्टार्टच्या बटणावर दसऱ्याच्या पूजेचं हळदकुंकू जसंच्या तसं होतं. महिना जुलैचा.

परत येताना गाडीत ती बराच वेळ मोबाइलवर ऑप्शन फॉर्मच खालीवर करत होती. केमिकल वर गेलं, इलेक्ट्रॉनिक्स दुसरं, ते कॉलेज यादीतून गेलं. लातूर मात्र तिने वेगळ्या फॉर्मवर ठेवलंय, आणि तिच्या आईला ते अजून माहीत नाही.