जुनं कपाट की जुन्या घाटाचं नवं?

दोन्ही समोर असतील तर आधी ड्रॉवर बाहेर ओढून बघा. खऱ्या जुन्या कपाटात सांधे हाताने कापलेले, म्हणून किंचित कमी-जास्त असतात; नव्यात यंत्राने कापलेले, अगदी एकसारखे. भरीव जुनं लाकूड घासून, पॉलिश करून पुन्हा उजळतं. एमडीएफवर (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीवर) व्हिनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, लावलेलं नवं कपाट मात्र पाण्याने फुगलं की संपलंच. माझा कौल जुन्याला.

फक्त आतली खोली मोजून घ्या. हँगर आडवा मावायला साधारण ५५ ते ६० सेंमी लागतात. बरीच जुनी कपाटं खुंट्यांवर कपडे अडकवायला केलेली, त्यामुळे उथळ असतात. तिथे नवं सोयीचं. आणि लाकडातल्या छिद्रांखाली पिठासारखा ताजा भुसा दिसला, तर कीड अजून आत आहे. उपचार झाल्याशिवाय ते घरात घेऊ नका.