निळ्या पोर्टचं कार्ड

कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर पंचवीस वर्षं काढलेल्या माणसानं असं फसावं, याची लाज वाटत होती म्हणून इतके दिवस लिहिलं नव्हतं. आमच्या मशीन शॉपमध्ये बेअरिंग बदलायला कोणी आलं तर मी त्याच्या डोक्यावर उभा असतो. काढलेलं बेअरिंग हातात घेऊन फिरवून बघितल्याशिवाय त्याला हलू देत नाही. आणि घरचा कॉम्प्युटर मात्र दुरुस्तीच्या दुकानात ठेवून, वर त्या माणसाचा चहा पिऊन, निवांत घरी आलो.

मशीन २०१८ च्या दिवाळीत जोडून घेतलेलं. आय-फाइव्ह ८४०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि जीटीएक्स १०५० टीआय हे ४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड. संध्याकाळी घरी बसून मी कास्टिंगच्या पॅटर्नची ड्रॉइंग करून देतो, त्यासाठी. जागा मंगळवार पेठेतल्या घराची वरची खोली, पत्र्याखाली. शेजारीच देवघर, म्हणजे धूप-उदबत्ती. त्यात माझ्या कपड्यांतून रोज घरी येणारी बिडाची धूळ. इतक्या वर्षांत कॅबिनेटचं झाकण एकदाही उघडलं नव्हतं.

एप्रिलमध्ये त्रास सुरू झाला. ड्रॉइंग उघडलं की पंखा गिरणीसारखा घरघरायचा आणि पंधरा-वीस मिनिटांत स्क्रीन काळा. मॉनिटरवर ‘नो सिग्नल’, पण आतले दिवे चालू. बंद करून अर्धा तास थांबलं की पुन्हा सगळं ठीक. एका रात्री काम अडलं म्हणून वैतागून बाजूचं झाकण काढलं आणि टेबल फॅन सरळ आत सोडला. तीन तास चाललं, एकदाही डिस्प्ले गेला नाही. उत्तर त्या रात्रीच माझ्यासमोर होतं. गार असताना चालतंय आणि तापलं की जातंय, म्हणजे पार्ट मेलेला नाही, त्याची उष्णता बाहेर पडत नाही. मशीनबद्दल कोणी हेच विचारलं असतं तर मी झोपेत सांगितलं असतं.

दुकानाचं नाव लिहीत नाही. माणूस तोंडाचा गोड. “ठेवून जावा साहेब, काय काळजी करू नकासा.” दुसऱ्या दिवशी त्याचाच फोन: कार्ड गेलंय आणि बोर्डालाही, म्हणजे सगळे पार्ट ज्यावर बसतात त्या मदरबोर्डालाही, मार बसलाय. मी टेबल फॅनची हकीकत सांगितली, तर म्हणाला, “साहेब, पेशंट शेवटच्या घटका मोजताना पण एकदा उठून बसतोय की.” मी हसलो. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

त्यानं तेच मॉडेल ‘रिकंडिशन’ म्हणून ७,२०० रुपयांना बसवलं. बोर्ड सर्व्हिसिंगचे १,५००, साफसफाईचे ५००. बिल मागितलं तर “पक्कं पाहिजे असेल तर १८ टक्के वर पडतील” म्हणाला, आणि दुकानाच्या व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीवर आकडा लिहून दिला. ४,००० ऑनलाइन घेतले, ५,२०० रोख. जुनं कार्ड मागायचं मला सुचलंच नाही.

दोन आठवडे बरे गेले. मग पहिल्यापेक्षा वाईट. पाच मिनिटांत स्क्रीन गायब आणि कॅबिनेटच्या मागून करपट वास. तेवढ्यात सुट्टीला भाची आली होती. ती इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करते. तिनं झाकण काढायच्या आधीच, मागच्या बाजूला बघून विचारलं, “मामा, हे कार्ड कुठनं आणलासा? ह्याला निळा पोर्ट कसा काय?”

निळा पोर्ट म्हणजे व्हीजीए, जुन्या मॉनिटरची पंधरा पिनांची जोडणी. १०५० टीआय २०१६ चं कार्ड, त्या पिढीत व्हीजीए दिलेलंच नाही. मग तिनं जीपीयू-झेड नावाचं फुकट मिळणारं छोटं सॉफ्टवेअर चालवलं. विंडोज छातीठोकपणे १०५० टीआय दाखवत होतं, पण ह्यात नावाच्या आधी चौकोनी कंसात ‘फेक’ असं लिहून आलं. आतली चिप जीटीएक्स ५५० टीआयची, म्हणजे २०११ ची. कार्डाच्या बायोसमध्ये, म्हणजे त्याच्या आतल्या मूळ प्रोग्राममध्ये, खोटं नाव भरून विकायचा हा धंदा जुना आहे. मेमरी ४ जीबी सांगतात, असते १ जीबी. मोठी असेंब्ली, म्हणजे बरेच पार्ट जोडलेलं ड्रॉइंग, उघडली की कार्ड का आडवं पडत होतं ते कळलं.

वासाचाही उलगडा झाला. माझं मूळ कार्ड ७५ वॅटचं, सगळी वीज बोर्डाच्या स्लॉटमधूनच घ्यायचं. हे ११६ वॅटपर्यंत ओढतं आणि त्याला वेगळी सहा पिनांची वायर लागते. ती हार्ड डिस्कच्या कनेक्टरवरून जोड मारून दिली होती आणि तो जोड वितळायला आला होता. म्हणजे उष्णतेची तक्रार घेऊन गेलो आणि पैसे देऊन आणखी उष्णता विकत घेऊन आलो.

आणि ५०० रुपयांची साफसफाई? प्रोसेसरचा पंखा काढला तर खालच्या पत्त्यांवर धुळीची अक्षरशः गोधडी. चार प्लॅस्टिक पिनांपैकी एक निसटलेली, त्यामुळे कूलर एका बाजूनं उचललेला. प्रोसेसरची उष्णता कूलरला देणारी मधली पेस्ट वाळून खडू झालेली. कॉम्प्युटरच्या बायोसच्या स्क्रीनवर, काही काम न करता नुसतं बसल्या बसल्या प्रोसेसरचं तापमान ८८ अंश. १०० च्या आसपास हा प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग पाडतो, तरी नाही भागलं तर मशीन बंद करतो. भाचीनं ब्रशनं धूळ काढली, ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवलं, नवी पेस्ट वाटाण्याएवढी लावली, पिन दाबून बसवली. ४१ अंश. मग कार्ड काढून मॉनिटरची केबल सरळ बोर्डाला लावली. ८४०० मध्ये स्वतःचं ग्राफिक्स असतं, त्यामुळे डिस्प्ले लगेच आला. बोर्डाला कसलाही मार बसलेला नव्हता. प्रोसेसरमध्ये असं ग्राफिक्स असेल तर ही दोन मिनिटांची तपासणी कोणीही घरी करू शकतो आणि दुकानदारालाही करून दाखवायला लावू शकतो.

मी परत गेलो. “सेकंडहँडला गॅरंटी कसली साहेब?” जुनं कार्ड? “भंगारवाला घेऊन गेला.” ते चांगलं होतं हे मी आता सिद्ध करू शकत नाही, कारण सिरीयल नंबरचा साधा फोटोसुद्धा काढला नव्हता. आत काय काय आहे त्याचे स्टिकरसकट फोटो काढल्याशिवाय मशीन दारातून बाहेर काढू नका. आणि जुना पार्ट मेलेला असला तरी परत मागा.

१९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनला फोन करून माहिती घेतली. बिल न देणं हीच २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं अनुचित व्यापारी प्रथा आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही, तक्रारीची मुदत दोन वर्षांची. जीपीयू-झेडचा फोटो आणि ऑनलाइन पैशाची नोंद जोडून मी दुकानदाराला साध्या कागदावर नोटीस पाठवली. आठवड्यात ४,००० खात्यावर आले. रोख ५,२०० घेतलेच नाहीत म्हणतो.

परवा त्याचा पुन्हा फोन आला, आवाज तसाच गोड. “साहेब, पैसे दिलेत, आता ते कार्ड तेवढं परत द्या की.” कुणाच्या मशीनमध्ये बसवणार ते सांगायला नको. दिलं परत. शॉपमध्ये ड्रिलखाली धरून चिपच्या मधोमध आठ एमएमचं भोक पाडलं आणि मग नेऊन दिलं.