नीट झाली, ॲडमिशन बाकी: पुण्यात स्वयंसेवा करायची तर कुठे?

स्वयंसेवा केली की मेडिकलच्या ॲडमिशनला मदत होते, हा गैरसमज आधी दूर करू. महाराष्ट्रात एमबीबीएसची जागा ठरते ती नीटच्या ७२० पैकी मार्कांवर आणि कोट्यावर. स्वयंसेवेच्या प्रमाणपत्राला तिथे कोणी विचारत नाही. एएफएमसीला, म्हणजे पुण्यातल्या लष्कराच्या मेडिकल कॉलेजला, नीटनंतर मुलाखत असते, तिथे असा अनुभव बोलण्यात येऊ शकतो, एवढंच. अमेरिकेचा विचार असेल तर गोष्ट वेगळी. तिथल्या बहुतेक मेडिकल कॉलेजांच्या सामाईक अर्जात १५ पर्यंत उपक्रम नोंदवता येतात आणि त्यातल्या ३ उपक्रमांवर सविस्तर लिहायचं असतं. पण तो अर्ज पदवीच्या सुमारास करायचा, बारावीच्या सुट्टीत नाही.

म्हणजे मे महिन्यात पेपर झाल्यापासून कॉलेज सुरू होईपर्यंत जे काही कराल ते स्वतःसाठी. पुण्यात पर्याय भरपूर आहेत. निवडताना मी एकच प्रश्न विचारते: एमबीबीएसला गेल्यावर हे आपसूक मिळणारच आहे का?

या प्रश्नावर सगळ्यात आधी बाद होतो तो सगळ्यांचा लाडका पर्याय, ओळखीच्या डॉक्टरकाकांच्या दवाखान्यात बसणं. ‘ओटी (ऑपरेशन थिएटर) बघायला मिळेल’ या आमिषावर पोरं जातात. साडेचार वर्षं आणि वर बारा महिन्यांची इंटर्नशिप, एवढा काळ पुढे तेच बघायचंय. शिवाय तपासणीच्या वेळी सतरा वर्षांचा अनोळखी मुलगा कोपऱ्यात उभा असणं पेशंटला चालेल का, हे बहुतेक ठिकाणी कोणी विचारतही नाही. रक्त बघून चक्कर येते का एवढंच तपासायचं असेल तर दोन दिवस पुरेत.

याच्या अगदी उलट टोकाला सरकारी रुग्णालयातलं मदतनिसाचं काम. ससूनसारख्या ठिकाणी भोर-वेल्ह्याकडून कोणी वडिलांना घेऊन येतो. केसपेपर निघतो, ओपीडीत नंबर लागतो, डॉक्टर रक्त आणि सोनोग्राफी लिहून देतात. आता रक्त कुठे द्यायचं? रिपोर्ट आजच मिळेल का? तो दाखवायला पुन्हा याच युनिटच्या ओपीडीला यायचं, तर ती कोणत्या वारी असते? कागदावर दोन ओळी इंग्रजीत, आणि त्या माणसाचा रोज बुडालेला. त्याच्यासोबत एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत चालत जाणं, रांगेत उभं राहणं, महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी कुठले कागद लागतील ते विचारून देणं, हे काम तुम्हाला पुढे कधीच या बाजूने करायला मिळणार नाही. ॲप्रन चढला की तुम्ही टेबलाच्या पलीकडे. यासाठी परस्पर वॉर्डात शिरू नका. वैद्यकीय समाजसेवा अधीक्षकांना भेटा, कोणाला खरी गरज आहे हे त्यांना माहीत असतं. जाताजाता हेही समजून घ्या की धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. हे ठाऊक नसलेली घरं कर्ज काढतात.

वारज्याचं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर वेगळ्या जातीचं ठिकाण. १९९७ पासून तिथे कर्करोगाच्या रुग्णांची विनामूल्य पॅलिएटिव्ह, म्हणजे आजारातला त्रास हलका करणारी, शुश्रूषा होते. ससूनमध्ये पाय दुखतात, इथे जीभ अडखळते. पेपर वाचून दाखवा, गप्पा मारा, सोबतच्या नातेवाइकाला चहाला जाऊ द्या. बाकी करण्यासारखं फारसं नसतं, आणि तेच अवघड जातं. अशा कामासाठी आठवड्यातून एकदा, पण सहा महिने, असा हिशेब ठेवा. पंधरा दिवस रोज जाऊन एकदम गायब होणं बरं नाही. पेशंट वाट बघतात. घरात नुकतंच कोणी गेलं असेल तर सध्या हा पर्याय नकोच.

माझी स्वतःची पसंती विचाराल तर अंध विद्यार्थ्यांसाठी लेखनिक होण्याला. याचा मेडिकलशी काय संबंध, असं आई-बाबा म्हणतील. तीन तासांचा पेपर, त्यावर तासाला २० मिनिटं जादा, आणि तेवढा वेळ समोरचा सांगेल तेच आणि तसंच लिहायचं. उत्तर चुकतंय हे दिसतं, हात शिवशिवतो, तरी लिहायचं त्याचंच. पेशंटचं म्हणणं मध्ये न तोडता ऐकणं ज्यांना जमत नाही असे डॉक्टर आपण सगळ्यांनी पाहिलेत. लेखनिकाच्या शिक्षणाची अट परीक्षेनुसार बदलते, ती आधी बघून घ्या. पुन्हा नीट देणार असाल तर हेच निवडा, कारण यात तारखा आधी ठरलेल्या असतात आणि अभ्यास मोडत नाही.

रक्तपेढीचं काम मे-जूनमध्ये खरोखर उपयोगाचं, कारण कॉलेजं बंद, शिबिरं कमी आणि थॅलेसेमियाच्या मुलांना मात्र दर काही आठवड्यांनी रक्त लागतंच. सोसायटीत शिबिर भरवा, दात्यांना फोन करा. स्वतः द्यायचं तर १८ पूर्ण आणि वजन किमान ४५ किलो हवं. फोन करायला दोन्ही लागत नाही.

पालखी पुण्यात मुक्कामाला असते तेव्हा वारकऱ्यांच्या पायांना मलमपट्टी करायला जरूर जा. मजा येते, पुण्यही लागतं म्हणतात. पण दोन दिवसांच्या त्या कामाला ‘अनुभव’ म्हणू नका.

वेळ दोनच महिने असेल तर ससून आणि जमल्यास रक्तपेढी. परदेशी अर्ज डोळ्यासमोर असेल आणि वर्षं हाताशी असतील तर वारजे, तेही एकच काम धरून. अठरा पूर्ण नसतील तर पालकांचं संमतीपत्र सोबत ठेवा. पहिल्यांदा विचारायला जाल ते दुपारी, सकाळची ओपीडी ओसरल्यावर. आणि पेशंटसोबतचा फोटो स्टेटसला टाकायचा विचार असेल तर फोन घरी ठेवूनच निघा.