मंकी वर्ल्डची माकड-दत्तक योजना: पैसे कुठे जातात आणि दत्तक कुणाला घ्यावं

इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्यात, वूल गावाजवळ मंकी वर्ल्ड हे माकडांचं सुटका-केंद्र आहे. स्पेनच्या किनाऱ्यांवर पर्यटकांच्या फोटोंसाठी फिरवल्या जाणाऱ्या चिंपांझींना आसरा मिळावा म्हणून जिम क्रोनिन यांनी १९८७ साली ते सुरू केलं. आज तिथे ६५ एकरांत अडीचशेच्या आसपास माकडं आणि बिनशेपटीचे वानर राहतात. २००८ साली चिलीतल्या एका प्रयोगशाळेतून ८८ कॅपुचिन माकडं एकदम आणली, तीही चिलीच्या हवाई दलाच्या विमानातून.

दत्तक नावापुरतं असतं. प्राणी तिथेच राहतो आणि एकाच प्राण्याचे दत्तक पालक अनेक असतात. वर्षभराची रक्कम भरली की प्रमाणपत्र, त्या प्राण्याचा फोटो, वर्षातून तीनदा निघणारं वार्तापत्र आणि वर्षभराचा प्रवेश-पास मिळतो. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांचे पैसे काही फेऱ्यांत वसूल होतात. पुण्या-मुंबईहून दत्तक घेणाऱ्याला पासचा उपयोग नाही, त्यामुळे ही सरळ देणगीच समजावी.

निवड करताना बहुतेकांचा हात ओरांगउटानच्या पिल्लाकडे जातो. आमचं मत मार्मोसेटच्या बाजूने आहे. पाव ते अर्धा किलोचं हे ब्राझीलचं माकड ब्रिटनमध्ये घरी पाळण्यासाठी सर्रास विकलं गेलं आहे आणि सुटका होऊन येतं तेव्हा अनेकदा हाडं वाकलेली असतात. कारण साधं आहे. त्याला ड जीवनसत्त्व डी-३ याच रूपात लागतं. वनस्पतींतलं डी-२ त्याच्या अंगी फारसं लागत नाही. डी-३ अंगात तयार व्हायला अतिनील-बी किरण हवेत आणि खिडकीची काच तेच अडवते. म्हणजे पिंजरा उन्हाच्या खिडकीत ठेवला तरी माकड अंधारातच! त्यात केळी-बिस्किटांचा आहार, म्हणजे कॅल्शियमची बोंब. मग जबडा मऊ पडतो आणि उडी मारताना पाय मोडतो.

उपचारात खास दिवे येतात. त्यांचा उजेड दिसत राहिला तरी अतिनील किरण काही महिन्यांत मंदावतात, म्हणून ते वेळेवर बदलावे लागतात. खाण्यात डिंक हवाच. मार्मोसेटचे खालचे दात झाडाची साल कोरून डिंक काढण्यासाठीच असतात. लाकडाला भोकं पाडून त्यांत अरबी डिंक भरला की माकड तासन्‌तास त्यातच रमतं. आपल्या बाभळीच्याच कुळातल्या झाडाचा हा डिंक. शेवटची आणि सगळ्यात नाजूक पायरी जोडीदाराची: एकट्याने वाढलेल्याला आधी जाळीपलीकडून ओळख, मग एकत्र. घाई केली तर चावाचावी होते. हा खर्च एकदाच होऊन संपत नाही. कॅपुचिन चाळीस वर्षं जगतं, चिंपांझी पन्नाशी गाठतो. म्हणून एका वर्षाच्या दोन दत्तकांपेक्षा एकच दत्तक दरवर्षी चालू ठेवणं जास्त उपयोगाचं.

नोंदणी करताना घोळ होतो तो दत्तक दुसऱ्याला भेट म्हणून देताना. पैसे भरणाऱ्याचं नाव आणि ज्याला भेट द्यायची त्याचं नाव वेगवेगळं भरा, नाहीतर प्रमाणपत्र तुमच्याच नावाने येतं. वाढदिवसाची भेट असेल तर टपालासाठी पुरेसे दिवस हाताशी ठेवा. भारतीय कार्ड असेल तर बँकेच्या अॅपमध्ये परदेशी व्यवहार आधी सुरू करा. पौंडाच्या दरावर बँक आपलं शुल्क लावते. आयकरातली ८०जीची सवलत इथे मिळत नाही.

कुठल्याही देशातली अशी योजना घेण्याआधी एक गोष्ट तपासा: पाहुण्यांना पिल्लू कडेवर घेऊन फोटो काढू देतात का? देत असतील तर पैसे भरू नका. माणसाचा सर्दी-खोकला आणि ओठांवरचे हर्पिसचे फोड माकडांच्या जिवावर बेतू शकतात आणि तसे फोटो पाहूनच आणखी कुणाला तरी माकड पाळावंसं वाटतं. मंकी वर्ल्डमध्ये बहुतेक प्राणी कुंपणापलीकडून किंवा काचेतून पाहायचे असतात. जायचं असेल तर लंडनच्या वॉटर्लूहून वेमथकडे जाणारी गाडी वूलला थांबते.